जाडसर दळ हं!

परवा संध्याकाळी बेल वाजली तेव्हा माझा नवा कॉम्प्युटर चौथ्यांदा चालू होत होता आणि मी श्वास रोखून बसलो होतो, त्यामुळे दार उघडताना माझं तोंड फारसं बघण्यासारखं नसणार.

झालं असं की स्वस्तात मस्त म्हणून मी दोन जुने सर्व्हर प्रोसेसर घेतले. झिऑन ई५-२६७०, २०१२ चा माल, एकेकात ८ कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोघांचे मिळून १६ कोर, आणि एक कोर एका वेळी दोन कामांच्या रांगा सांभाळतो म्हणून ३२ थ्रेड. नवा होता तेव्हा एकाचीच किंमत दीड हजार डॉलरच्या वर, आता डेटा सेंटरवाले काढून टाकतात म्हणून मला जोडी साडेचार हजारात पडली. रॅमही सर्व्हरचीच, साध्या बोर्डात चालत नाही म्हणून तिला कोणी विचारत नाही. इथपर्यंत मी हुशार. मग हे सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड आला, १२ बाय १३ इंच! घरातल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटात जाईना, त्या मापाच्या कॅबिनेटचा लॅमिंग्टन रोडवरचा भाव ऐकून हात हलवत ठाण्याला परत आलो आणि माळ्यावरून गणपतीचा चौरंग काढला. बायको एवढंच म्हणाली, भाद्रपदाच्या आत रिकामा पाहिजे.

तर दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात स्टीलचा डबा.

"चालू आहे ना?"

"काय?"

"घरघंटी. खाली ऐकू येते. थालीपिठाची भाजणी आहे, दीडच किलो. जाडसर दळ हं."

"काकू, कॉम्प्युटर आहे तो."

"बरोबर, कोणी विचारलं तर असंच सांगायचं. सेक्रेटरींना मी नाही बोलणार."

आणि सरळ आत. चौरंग दिसल्यावर दोन पावलं मागे जाऊन चपला काढल्या. मग वाकून दोन्ही पंख्यांकडे बघत, "धान्य कुठून टाकायचं?"

मी समजावलं. दोन प्रोसेसर आहेत, काम लवकर होतं.

"मग होतंय का?"

आता सर्व्हरचा बोर्ड आधी रॅम तपासतो, मग अजून काय काय तपासतो, दोन-दोन मिनिटं स्क्रीनवर काही येत नाही आणि पंखे मात्र विमान उडवल्यासारखे. आम्ही दोघं काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. "आमच्या ह्यांची स्कूटर पण अशीच होती," काकू म्हणाल्या.

त्यात विंडोजचं वेगळंच. होम आवृत्तीला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, प्रो घ्यावी लागते, आणि तिचं लायसन्स प्रोसेसरच्या जोडीपेक्षा महाग. हे आधी कोणी सांगत नाही, व्हिडिओवाले तर नाहीच नाही, त्यांचं सगळं पंधरा मिनिटांत म्युझिकवर जोडून होतं.

शेवटी चालू झाला. स्क्रीनवर ३२ चौकोन, एका थ्रेडला एक. मी मोठ्या तोऱ्यात माझं काम लावलं तर एक चौकोन भरला, बाकी ३१ कोरडे. पंगतीत एकटा वाढपी पळतोय आणि बाकीचे खांद्यावर टॉवेल टाकून उभे, तसं. ज्या सॉफ्टवेअरसाठी एवढा घाट घातला ते एका वेळी एकच कोर वापरतं, हे मला घाट घातल्यावर कळलं. जुना लॅपटॉप तेच काम याच्या आधी उरकतो.

काकूंनी पंख्यासमोर हात धरला. प्रत्येकी ११५ वॅटचे प्रोसेसर, ऊब येणारच. "कुरडया वाळतील," म्हणाल्या आणि डबा टीपॉयवर ठेवून गेल्या. "उद्या दे सावकाश."

काल ऑफिसातून येताना तो डबा घेऊन मीच गिरणीच्या लाइनीत पाऊण तास उभा होतो. करणार काय, रोज जिन्यात भेटतात. डबा नेऊन दिला तर झाकण उघडून चिमटीत पीठ घेतलं, बोटांत चोळलं.

"बारीक झालीय रे. मशीन जुनं आहे ना तुझं."