प्रादेशिक सेना ‘हौशी’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रादेशिक सेना म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्यांचं सैन्यदल. तिच्याबद्दल ‘वर्षाला दोन महिने कवायत करणारे हौशी लोक, क्रिकेटपटूंना फुकटचे हुद्दे, आणि नोकरदाराला सुटी तरी कोण देतो?’ असं आपण लिहिलंत. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हुद्द्यांचं आधी. धोनी यांचा 2011 मधला लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मानद आहे. प्रत्यक्ष अधिकारी होण्यासाठी 18 ते 42 वय, पदवी आणि स्वतःचं उत्पन्न लागतं. पहिल्या वर्षी महिनाभर प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, शिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण. एवढ्यावर कोणी हल्ल्याचं नेतृत्व करावं अशी अपेक्षाच नाही. पूल, कोठारं, दळणवळणाचे मार्ग यांचा पहारा सांभाळून नियमित पलटणींना मोकळं करायचं, हे मूळ काम. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांमधून उभारलेल्या युनिटांना तर दोन महिन्यांचा हिशेब लागूच होत नाही. गाडी चालवणं हा त्या माणसाचा रोजचा धंदा. शिकायची ती फक्त शिस्त आणि रायफल.

‘हौशी’ हा शब्द मात्र मला लागला. लान्स नायक नझीर अहमद वाणी प्रादेशिक सेनेच्या 162 बटालियनचे, काश्मीरचेच. नोव्हेंबर 2018 मध्ये शोपियानच्या चकमकीत ते धारातीर्थी पडले. 2019 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करायला 1982 मध्ये उभारलेली पर्यावरण बटालियनही याच सेनेची, आणि तिच्यातले जवान माजी सैनिक.

आता सुटी. 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम 7-अ नुसार, सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला रजा देणं आणि परतल्यावर कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे. मोडलं तर दंड जास्तीत जास्त 1000 रुपये, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम त्या माणसाला. मोठ्या कंपनीला याचं काहीच वाटणार नाही. चार माणसांच्या कारखान्याला मात्र एक माणूस वर्षभर नसणंच जड जातं. मे 2025 मध्ये प्रादेशिक सेनेच्या 32 पैकी 14 पायदळ बटालियन सेवेसाठी बोलावण्याची परवानगी निघाली, तिची मुदत फेब्रुवारी 2028 पर्यंत. इतका काळ सेवा चालली तर चांगली नोकरी असलेला डॉक्टर किंवा अभियंता भरतीला फिरकेल कशाला? अर्धवेळ सेनेचं बळ ज्या माणसांत आहे, तीच अशाने दुरावतात. दंड वाढवावा, आणि लहान मालकाला बदली माणसाचा खर्च सरकारने द्यावा, असं माझं ठाम मत आहे.