समोरच्याला आधी विचारा तरी!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जा.

चुलतभावाच्या मुलीचं फर्स्ट होली कम्युनियन होतं, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) येशूचं शरीर मानून देतात ती पातळ भाकरी पहिल्यांदा घेणं. पांढरा फ्रॉक, केसांत फुलं, हातात मेणबत्ती, मिस्सा झाल्यावर हॉलमध्ये जेवण, फुगे, विंदालू, सगळं मस्त चाललेलं. आणि आमचा एक मित्र, नाव घेत नाही पण तो हे वाचणार आहे, त्या एवढ्याशा पोरीसमोर वाकून विचारतो, "काय मग, कशी लागली येशूच्या शरीराची टेस्ट?" पोरगी म्हणाली, "पापडासारखी, पण मीठ नव्हतं." हा टाळी मागायला माझ्याकडे वळला, जसं काय व्हॅटिकनच पाडलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक काका मला म्हणाले, "असल्यांच्या संगतीनेच तू बिघडलास." म्हणजे दोन्हीकडून मार, आणि मी फक्त जेवायला बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी वसईचा, जन्माने कॅथलिक, आणि कॉलेजच्या सुरुवातीपासून देव मानत नाही. घरी सगळे मानतात. त्यामुळे देव मानणारे आणि न मानणारे, हे दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात ते मी वर्षानुवर्षं मधल्या खुर्चीवर बसून ऐकत आलोय, आणि खरं सांगू, ते भांडतच नाहीत. दोघंही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटतात.

पप्पा आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. आई रोज रात्री बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसायची. हाच मित्र (हो, हाच, डबा घेऊन आलेला, माणूस वाईट नाहीये) तिच्या शेजारी बसला आणि थोड्या वेळाने सुरू झाला की मावशी, अमेरिकेत २००६ साली बायपासच्या अठराशे पेशंटवर अभ्यास झाला, लोकांनी प्रार्थना केल्या, काही फरक पडला नाही. अभ्यास खरा आहे, मीही वाचलाय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मी त्यांना वाचव म्हणून मागतच नाहीये. डॉक्टरांनी मला सांगितलंय काय ते. मला रात्र जात नाही रे, म्हणून बसते त्याच्याशी बोलत."

याच्याकडे उत्तर नव्हतं. असणार कुठून, त्याने डोक्यात एक ख्रिश्चन तयार करून आणला होता, जो देवाला मशीनमध्ये नाणं टाकून औषध मागतो, आणि आई त्यातली निघालीच नाही.

माझ्या पुरोगामी मित्रांनो, तुमचं हे नेहमीचं आहे. कुठल्याही वसईकराला गाठून "सहा दिवसांत जग झालं म्हणे?" अरे, तो पॅरिशच्या शाळेतच डार्विन शिकलाय! बिग बँगची, म्हणजे विश्व एका स्फोटासारख्या सुरुवातीतून झालं ही कल्पना १९३१ मध्ये ज्याने मांडली तो लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक फादर होता. १९५१ साली पोपनी ती थिअरी बायबलच्या बाजूने वापरायला घेतली तर हाच फादर नाराज झाला, विज्ञान आणि धर्म एकत्र कालवू नका असं त्याचं म्हणणं. बरं, बायबल अक्षरशः खरं मानणारे ख्रिश्चन आहेत, आपल्याकडेही आहेत, मान्य. पण तुम्ही बोलत असता माझ्या आईशी.

आणि वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर दिब्रिटो, त्यांचं काय केलंत तुम्ही? हरित वसईच्या लढ्यासाठी डोक्यावर घेतलं, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांना विरोध झाला तेव्हा त्यांच्या बाजूने पोस्टी लिहिल्यात, छान केलंत, मीही लिहिली. पण बोलताना असं बोलता की जणू ते झगा खुंटीला टांगून मगच आंदोलनाला जायचे. तो माणूस ज्या जोरावर उभा राहत होता त्यातला अर्धा भाग तुम्हाला अडचणीचा वाटतो म्हणून तुम्ही तो बघतच नाही.

वर कुणीतरी हमखास म्हणणार, "तुम्हाला पोर्तुगीजांनी बाटवलं." हो, सुरुवातीला जबरदस्ती झाली, देवळं पाडली, ते खोटं नाही. पण १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. त्यानंतर आमच्या लोकांना कोणी धरून ठेवलं होतं? आणि हे वाक्य नास्तिकाच्या तोंडून निघालं की मला कळेनासं होतं की हा देव नाकारतोय की फक्त माझा देव नाकारतोय.

आता चर्चवाल्यांनी टाळ्या वाजवू नका, तुमची पाळी आहे.

पप्पा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर प्रेयर ग्रुपची एक मावशी माझा हात धरून म्हणाली, "रागावलायस ना देवावर? रागव, पण त्याच्याशी बोल." अहो मावशी, मी रागावलेलो नाही! राग होता तो हॉस्पिटलच्या बिलावर. मी देव मानायचं सोडलं तेव्हा पप्पा ठणठणीत होते, मला कोणी दुखावलं नव्हतं, कुठल्या फादरने छळलं नव्हतं. दुधाचे दात पडतात तसं ते पडून गेलं. पण हे कोणी ऐकूनच घेत नाही. नास्तिक म्हणजे एकतर जखमी नाहीतर माजलेला, तिसरा प्रकारच नाही तुमच्याकडे. आणि मग तो भयाण प्रश्न, "देवाची भीती नाही तर तू चोरी का करत नाहीस?" म्हणजे तुम्ही फक्त भीतीपोटी करत नाही? मग तर मला तुमच्या शेजारी पाकीट ठेवायची भीती वाटायला पाहिजे.

२०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चला क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकत होतं, आठवतं? चमत्कारांचा भांडाफोड करणारे सनल एडामरुकू आले, बघितलं, म्हणाले गटार तुंबलंय, पाणी भिंतीतून वर चढतंय. यावर काय केलं आपल्या लोकांनी? प्लंबर बोलवायचा सोडून २९५-अ (धार्मिक भावना दुखावल्याचं कलम) खाली तक्रारी! माणूस देश सोडून फिनलंडला गेला. मला आजही लाज वाटते याची. ज्या चर्चने फ्रान्समधल्या लूर्डच्या तीर्थस्थानी १८५८ पासून शंभरसुद्धा चमत्कार मान्य केले नाहीत, इतकं तपासून घेतं ते, त्याच्या लोकांना एका पाइपचं सत्य सहन होईना. एडामरुकू टीव्हीवर चर्चबद्दल जरा जास्तच बोलले, ठीक आहे. पण पोलीस?

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हाही हाच तमाशा. जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं, नुसता अंधार, असं त्यांनी स्वतः लिहिलेलं. माझे मित्र म्हणाले, "बघ, आतून आपल्यातलीच होती." चर्चवाले म्हणाले, संतांची परीक्षा असते ती, आणि फाइल बंद. समोरून काही ऐकू येत नसताना ही बाई रोज पहाटे उठून बोलत कशी राहिली, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. मला पडतो. मी देव मानत नाही तरी पडतो. आई त्या बाकावर बसायची तेव्हा तिला तरी पलीकडून काही ऐकू येत होतं का, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "कधी येतं, कधी नाही. तुझे पप्पा तरी कुठे रोज उत्तर द्यायचे?"

हे बोलणं त्या मित्राशी झालं असतं, त्या मावशीशी झालं असतं. पण एकाला अभ्यास सांगायचा होता आणि दुसरीला मला परत आणायचं होतं.

असो. कमेंटमध्ये देव नाकारणाऱ्या त्या ब्रिटिश प्रोफेसरांचे व्हिडिओ टाकू नका, सगळे बघून झालेत. आणि कृपा करून कोणी लूर्डचं पाणी पाठवू नका, मागची बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे, बायको फेकू देत नाही.