रिचमंडचा तो शेवटचा लॅप

नास्कार या अमेरिकी कार रेसिंग संघटनेच्या शर्यतीत ऑस्टिन डिलनने ऑगस्ट २०२४ मध्ये रिचमंडच्या ट्रॅकवर मिळवलेल्या विजयाला एका लेखात 'जुन्या धाटणीचं रेसिंग' म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. शेवटच्या लॅपला त्याने पुढे असलेल्या जोई लोगानोला मागून ठोकून फिरवलं, इथवर एकवेळ समजू शकतो. छोट्या ट्रॅकवर बंपरला बंपर लागतोच. पण मग डेनी हॅमलिन ट्रॅकच्या आतल्या बाजूने पुढे सरकला आणि डिलनने त्याच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर धडक दिली. अशी धडक बसली की गाडी थेट बाहेरच्या भिंतीकडे वळते आणि ड्रायव्हरच्या हातात काहीच उरत नाही. जीवावर बेतू शकतं हो!

लोक लगेच १९९९ ची ब्रिस्टलची शर्यत काढतात, कारण ती जिंकणारा नास्कारचा दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्ट याचाच ३ नंबर डिलनच्या गाडीवर आहे. पण अर्नहार्टने तिथे फक्त टेरी लबॉन्टीला फिरवलं होतं, लागोपाठ दोघांना नाही. नास्कारने डिलनचा विजय कायम ठेवला आणि त्यावर मिळणारा प्लेऑफचा, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या शर्यतींचा, प्रवेश मात्र काढून घेतला, हे उत्तमच केलं. त्याच वर्षी लोगानो तिसऱ्यांदा चॅम्पियन झाला, तेव्हा मी घरात अक्षरशः ओरडलो होतो.