मामांच्या रिपोर्टात डुक्कर कुठून आलं?

खानापूरच्या आमच्या मामांनी गेल्या आठवड्यात बेळगावातला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रद्द केला. बाजारातून घरी येईपर्यंत धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, तरी रद्द. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज. इकोच्या यंत्रांची मापं म्हणे डुकरांच्या हृदयावरून ठरवलेली, म्हणून रिपोर्टातला आकडा डुकराच्या मापाचा. छातीला लावतात ती जेली डुकराच्या चरबीची. किरणांनी हृदय सैल पडतं. त्यापेक्षा अर्जुनसालीचा काढा प्या. मामा चाळीस वर्षांचे माळकरी. जेलीपाशीच गाडी अडली.

म्हणून जेली आधी. तिच्यात बहुतेक पाणीच, वर घट्टपणासाठी कार्बोमर नावाचं रसायन. छातीवर फिरवतात तो प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी आत शिरत नाहीत, म्हणून ती लावायची. माझ्या इकोच्या वेळी शर्टाला लागलेली नुसत्या पाण्याने गेली. चरबीचा डाग असा निघतो का, हे मामींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

आता तो आकडा. रिपोर्टात त्याला ईएफ म्हणतात. ईएफ म्हणजे काय? भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडलं ते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात 120 मिली रक्त भरलं, आकुंचनानंतर 48 उरलं, म्हणजे 72 बाहेर पडलं. 120 पैकी 72, साठ टक्के. दोन्ही मापं मामांच्याच हृदयाची. यात डुक्कर कुठून आलं? बरं, डुकराचा इको काढणं हेच मुळात जिकिरीचं काम. त्याची छाती नावेच्या तळासारखी निमुळती, त्यामुळे माणसात हृदयाच्या टोकाकडून, बरगड्यांमधून सहज दिसणारे चारही कप्पे तिथे नीट सापडत नाहीत. भूल द्यावी लागते आणि भुलीनेच हृदयाचं काम मंदावतं. शिवाय पाळीव डुक्कर महिन्याभरात एवढं वाढतं की आधीच्या मापाशी तुलना फसते; म्हणून संशोधक लहान चणीची डुकरं घेतात आणि अचूक मापासाठी एमआरआय करतात. डुकराचे आकडे डुकरालाच लावताना एवढी कसरत, ते खानापूरच्या माणसाला कोण चिकटवेल? अमेरिका आणि युरोपच्या इको-तज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 मध्ये मिळून ईएफची जी सामान्य मापं ठरवली, ती निरोगी माणसांवरून: पुरुषांत 52 ते 72 टक्के, बायकांत 54 ते 74.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाइलाजाने. डुकराचं हृदय रचनेने माणसाच्या जवळचं आहे, त्यामुळे हार्ट अटॅकचे बरेच प्रयोग त्याच्यावर होतात. हृदयात बसवायच्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या असतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतेक त्याच्या आतड्यांतून काढतात. माळकऱ्याने ऑपरेशनआधी हे डॉक्टरांना विचारणं अगदी रास्त आहे. पण मामांचं ऑपरेशन नाही, इको आहे! सुईसुद्धा टोचत नाहीत.

किरणांचं म्हणाल तर इकोत फक्त ध्वनी असतो, पोटातलं बाळ बघतात तोच. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात, आणि ते मामांना कुणी सांगितलेलंच नाही.

काढ्याबद्दल एवढंच, की तो पिऊन झडप गळते की स्नायू थकलाय हे कळत नाही.

इको आता शुक्रवारी आहे. मेसेज पुढे ढकलणारा आमचा मावसभाऊच मामांना गाडीतून नेणार आहे, पेट्रोलही त्याचंच.