फायरफॉक्स उघडत नाही म्हणून प्रोफाइल उडवू नका!

फायरफॉक्स हा ब्राउझर. "अपडेटनंतर फायरफॉक्स उघडत नाही? पाच मिनिटांत उपाय" हा ग्रुपाग्रुपांतून फिरणारा मेसेज काल आमच्या काकूकडे पोहोचला. "अरे, ते प्रोफाइल्सचं फोल्डर उडवू ना?" म्हणून तिचा फोन. विचारलं तरी, नशीब! मेसेजचं म्हणणं असं: बिघाड नेहमी अपडेटमुळेच होतो, तेव्हा प्रोफाइल फोल्डर डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामं करा, जुनी आवृत्ती इन्स्टॉल करा आणि अपडेट कायमचं बंद ठेवा.

फोल्डर डिलीट करणं म्हणजे ढेकणांपायी घर जाळणं. बुकमार्क, हिस्ट्री, सेव्ह केलेले पासवर्ड, सगळं त्यातच असतं. वर रिसायकल बिनही रिकामं? सिंक (डेटाची प्रत ऑनलाइन खात्यात ठेवणारी सोय) चालू नसेल आणि बॅकअपही नसेल, तर ते पासवर्ड आता कोण आणून देणार, मेसेज लिहिणारा? विंडोजवर शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स सुरू केलं की ट्रबलशूट मोडची, म्हणजे एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी प्रोग्रॅम) बंद ठेवून उघडायची, खिडकी येते. आधी तसंच उघडून बघा. चाललं, तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा. नाहीच जमलं तर त्याच खिडकीत 'रिफ्रेश फायरफॉक्स' आहे. त्याने एक्स्टेन्शन्स जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, आणि जुनं प्रोफाइल डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात ठेवलं जातं. एवढी सोय असताना फोल्डर उडवायची ही हौस कशाला?

जुनी आवृत्ती इन्स्टॉल कराल, तर मे 2019 मध्ये आलेल्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुनीत उघडू देत नाही. नवं कोरं प्रोफाइल करायला सांगतं. मग "माझे बुकमार्क गेले" म्हणून बोंब.

आणि "नेहमी अपडेटमुळेच"? 13 जानेवारी 2022 ला फायरफॉक्स जगभर जवळपास दोन तास ठप्प होतं. 96 वी आवृत्ती दोनच दिवसांपूर्वी आलेली, त्यामुळे संशय तिच्यावर. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने नंतर सविस्तर लिहिलं: तिच्या काही सेवा ज्यावर चालतात त्या गूगल क्लाउडच्या लोड बॅलन्सरवर (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा) एचटीटीपी/3 (वेबवर माहितीची ने-आण करायची नवी पद्धत) चालू झालं आणि फायरफॉक्सच्या कोडमध्ये दडून बसलेला एक दोष जागा झाला. हेडरमधल्या (माहितीसोबत जाणाऱ्या नोंदींमधल्या) अक्षरांच्या कॅपिटल-स्मॉलचा घोळ, त्यातून न संपणारं लूप, आणि सगळं नेटवर्किंग अडकलं. सर्व्हरवर एचटीटीपी/3 बंद केल्यावर गाडं सुरळीत झालं. त्या दिवशी प्रोफाइल उडवणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

अपडेटने कधीच काही बिघडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूच्या (अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवणाऱ्या भागाच्या) बिघाडामुळे जीमेलसकट अनेक अ‍ॅप धडाधड बंद पडत होती. पण गूगलने दुरुस्ती पाठवली तीही अपडेटनेच.

अपडेट कायमचं बंद ठेवणाऱ्यांसाठी 14 मार्च 2025 ही तारीख. त्या दिवशी मोझिलाचं एक रूट सर्टिफिकेट (अ‍ॅड-ऑन खरी आहेत का हे तपासायला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र) संपलं. 128 च्या आधीचं फायरफॉक्स वापरणाऱ्यांची (115 ईएसआर, म्हणजे जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती असेल तर 115.13 च्या आधीचं) अ‍ॅड-ऑन, म्हणजे एक्स्टेन्शन्स वगैरे, बंद पडू शकतात, असा इशारा मोझिलाने आधीच दिला होता. काकूला तूर्त शिफ्टचं बटण दाखवलंय.