झगमगता मासा आणि आमची गल्ली

दर रविवारी सकाळी आमच्या सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या गल्लीतली आठ-दहा पोरं माझ्याकडं गोष्टी ऐकायला येतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि मला सगळी अक्का म्हणतात. परवा त्यांना ‘द रेनबो फिश’ दाखवलं. मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकाराचं १९९२ चं पुस्तक, मूळ जर्मन. मी आपलं मराठीत सांगत गेले.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. झगमगत्या खवल्यांचा एक देखणा मासा. छोट्या निळ्या माशानं एक खवला मागितला, तर यानं त्याला हाकलून लावलं. मग सगळ्यांनीच याच्याकडं पाठ फिरवली. शेवटी ऑक्टोपसनं सांगितलं, खवले वाटून टाक. यानं एकेक करून वाटले, स्वतःला एकच ठेवला, आणि सगळे याच्याशी खेळायला लागले.

वस्तूंपेक्षा मैत्री मोठी, हे मुलांना कळावं म्हणून हे पुस्तक हातात दिलं जातं. मला ते पटत नाही, आणि दर वाचनात आणखी कमी पटतं. इथं मैत्री मोठी ठरली कुठं? ती तर खवले देऊन मिळाली. निळा मासा आला तोच खवला मागायला. मग ज्या पोराकडं द्यायला काहीच नाही, त्यानं काय समजायचं? आमच्या गल्लीत अशी पोरं आहेत हो. आई दिवसभर विड्या वळते, वडील पॉवरलूमवर. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटायची तरी घरात आधी हिशोब होतो. त्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू, की वाटलंस तरच दोस्त मिळतील?

वाटून खायला शिकवूच नये असं मी म्हणत नाही. पण ते वेगळं आणि मैत्री वेगळी. चित्रं सुंदरच आहेत. खवल्यांवर खरा चंदेरी वर्ख चिकटवलाय, पोरांची बोटं सारखी त्यावरच फिरत होती. पान उलटू देईनात. चमक सोडून देण्याची गोष्ट, आणि मुलांच्या मनात राहिली ती चमकच.

मला हवंय ते चित्रपुस्तक असं, की ज्यात वस्तू मोडते, हरवते, संपते आणि तरी कुणीतरी शेजारी बसून राहतं. मुलांसाठी चित्रं काढणारं कुणी हे वाचत असेल, तर आमच्या गल्लीतलं एक सांगते, खुशाल घ्या.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून एका पोराला बॅटरीवरची गाडी मिळाली. तीन दिवस त्याच्या दारात ही रांग! चौथ्या दिवशी सेल संपले, घरात नवे आणायला कुणाला सवड नव्हती, आणि रांग गेली. शेजारची एक पोरगी तेवढी आली. तिनं कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा तुकडा गाडीला बांधला. आळीपाळीनं दोघं ती ओढत होती. संध्याकाळी एक चाक निखळलं, ते तिनं फ्रॉकच्या खिशात ठेवलं, आणि तीन चाकांची गाडी खरडत दोघं पुन्हा गल्लीच्या टोकाकडं निघाली.