निर्दोष अहवालाने धास्ती संपत नाही

‘फॅक्टर व्ही लायडन’ या, रक्त सहज गोठू देणाऱ्या जनुकीय बदलाची चाचणी निर्दोष आली की शिरेत गुठळी होण्याची धास्ती संपते, हे लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. नेदरलँड्समधील लायडन येथे १९९४ मध्ये ओळखला गेलेला हा बदल युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत आढळतो. भारतीयांत तो विरळाच आहे. शिवाय प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन या, रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रथिनांची आनुवंशिक कमतरता या चाचणीत दिसतच नाही.

पायाचे प्लॅस्टर निघाल्यावर माझ्या थोरल्या बहिणीची पोटरी इतकी सुजली, की दाबलेल्या बोटाचा खळगा बराच वेळ तसाच राहत असे. सोनोग्राफीत गुठळी दिसली, तरी ही चाचणी मात्र निर्दोष आली. आमच्या आईलाही बाळंतपणानंतर हाच त्रास झाला होता. प्लॅस्टर घालताना घरातील हा इतिहास कोणीही विचारला नव्हता.